घाटात पिकअप जातो, उतारावर इंजिन बंद पडतं: ६२ हजारांचा टर्बो बदलायचा का?

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. त्या पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवतात आणि आठवड्यातून दोनदा स्वतः गाडी चालवत जातात-येतात. गाडी २०१६ची, टर्बो डिझेल, १ लाख ३१ हजार किलोमीटर झालेली. गेल्या दोनेक महिन्यांपासून परतताना खंबाटकी चढताना अचानक पिकअप जातो. पाय कितीही दाबला तरी टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा काटा, अडीच हजारांच्या वर सरकत नाही. बाजूला थांबून चावी बंद केली आणि पुन्हा सुरू केली की गाडी जणू काही झालंच नाही अशी चालते. याखेरीज पुण्याला जाताना चालत्या गाडीत इंजिनच बंद पडण्याचा प्रकार दोनदा झाला. एकदा शिरवळजवळ सपाट रस्त्यावर, आणि एकदा कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडच्या उतारावर. दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली. ओळखीच्या गॅरेजमध्ये एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) साफ करून १४ हजार खर्च झाले, फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेलाय, ६२ हजार लागतील. पुरावा म्हणून त्यांनी पाइप काढून आतलं तेल दाखवलं. दीर म्हणतात, चालतेय तोवर विकून मोकळी हो. यजमान मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांचं फोनवरून मत असं की तुला घाटात गाडी चालवता येत नाही. वाचक विचारतात: टर्बो बदलू, गाडी विकू, की पुन्हा ड्रायव्हिंग शिकू?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य गॅरेजमध्ये कुणी कानावर घेतलेलं दिसत नाही. नवले पुलाच्या उताराबद्दल तुम्ही लिहिलंय, "गाडी चौथ्या गिअरमध्ये होती, टॅकोमीटरचा काटा एकदम शून्यावर पडला, गाडी मात्र पळतच होती. मी घाबरून क्लच दाबला आणि मग ब्रेक दगडासारखा झाला." या प्रकरणात आतापर्यंत हाती आलेला सगळ्यात चांगला पुरावा हाच, आणि तो तुम्ही गोळा केलेला आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे आणि चाकं फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरतंय. डिझेल पेटत असो वा नसो, चाकंच त्याला फिरवताहेत. अशा वेळी टॅकोमीटरने हजार-दोन हजार काहीतरी दाखवायलाच हवं. त्याने शून्य दाखवलं, याचा अर्थ इंजिन फिरत असूनही ते फिरतंय ही बातमी गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे ईसीयूपर्यंत पोचत नव्हती. ही बातमी देण्याचं काम क्रँक सेन्सरचं. फ्लायव्हीलपाशी किंवा पुढच्या पुलीपाशी बसलेला अंगठ्याएवढा तुकडा असतो तो. समोरून दात असलेली चकती फिरते, बऱ्याच इंजिनांत ६० दातांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात, आणि त्या रिकाम्या जागेवरून पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला कळतं. ते कळलं नाही तर डिझेल कधी सोडायचं हेच ठरत नाही, म्हणून ईसीयू डिझेल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. धक्का नाही, आचका नाही, दिवा मालवावा तसं इंजिन गप्प होतं.

हा सेन्सर म्हातारा झाला की गरम झाल्यावर दगा देतो. आतली बारीक तार उष्णतेने ताणली जाते, जोड सुटतो, निवलं की पुन्हा टेकतो. तुमच्या दोन्ही घटना साताऱ्याहून निघून तासभर किंवा त्याहून जास्त गाडी चालल्यावरच्या आहेत, आणि दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटांनी गाडी "आपोआप" सुरू झाली. इथे बसून छातीठोक निदान करणारा माणूस मी नाही. सेन्सरऐवजी त्याचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, सैल असेल, कपलरमध्ये तेल शिरलं असेल, वायर कुठेतरी सायलेन्सरच्या पाइपाला घासून सोलली असेल. पण शोध कुठून सुरू करायचा, हे तुमच्या त्या काट्याने सांगून टाकलंय.

डिझेल कमी पडून इंजिन बंद पडतं तेव्हा चित्र वेगळं असतं. आधी गाडी आचके देते, ओढ कमी होत जाते, मग मरते. पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे एका क्षणी विझले तर संशय मेन रिले, बॅटरीची टर्मिनल, अर्थिंग किंवा इग्निशन स्विचवर घ्यायचा. पुढच्या वेळी (येऊ नये, पण आली तर) गाडी सुरक्षित थांबवल्यावर स्टार्टर मारताना काट्याकडे बघा. बहुतेक गाड्यांत तो दोन-अडीचशेपर्यंत जरासा उचलला जातो. स्टार्टर फिरतोय आणि काटा ढिम्म असेल तर सेन्सरवरचा संशय आणखी पक्का होतो.

आता टर्बोकडे येऊ. तुमच्या गॅरेजने, दिरांनी आणि खरं सांगायचं तर तुम्हीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: बिघाड एकच आहे. घाटात पिकअप जाणं हा त्याचा पहिला टप्पा आणि बंद पडणं हा पुढचा. पण टर्बो गेला म्हणून डिझेल इंजिन सहसा बंद पडत नाही. टर्बो बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो, मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि इंजिनात हवा ठासून भरतो. तो मेला तर हवा ठासली जाणार नाही, गाडी बिनटर्बोच्या जुन्या डिझेलसारखी मरगळत चालेल, काळा धूर सोडेल, पण चालेल. अपवाद आहेत. तेलाचं सील फुटून इंजिनात तेल जायला लागलं किंवा पंख्याचे तुकडे आत गेले तर प्रकरण गंभीर होतं. पण मग निळा धूर, शिट्टीसारखा चिरका आवाज, झपाट्याने घटणारं इंजिन ऑइल असलं काहीतरी दिसतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. उलट, चावी फिरवली की गाडी ठणठणीत होते. मेलेला टर्बो चावी फिरवल्याने जिवंत होत नाही.

चावीने बरं होणारं दुखणं म्हणजे लिंप मोड. ईसीयू दर क्षणी हिशोब करत असतो: या वेगाला, या चढाला टर्बोकडून अमुक इतका दाब हवा, प्रत्यक्षात किती मिळतोय? दोन्हींत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक काही काळ राहिला की तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद छाटतो. फेरे अडीच-तीन हजारांवर अडतात. चावी बंद केली की तो हिशोब नव्याने सुरू करतो. हे घाटातच होतं, कारण टर्बोकडून पूर्ण दाब घाटातच मागितला जातो. सातारा शहरात भाजी आणताना तो मागायची वेळच येत नाही.

गंमत अशी की दाब कमी पडला तरी लिंप मोड येतो आणि जास्त झाला तरी येतो. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत, उपायही उलटे. ईसीयू प्रत्येक बिघाडाची नोंद एका कोडने ठेवतो आणि तो स्कॅनरवर दिसतो. त्यामुळे "टर्बोचा कोड आलाय" एवढ्यावर थांबू नका. कोणता कोड, हे विचारा. पी ०२९९ म्हणजे दाब कमी, पी ०२३४ म्हणजे दाब जास्त. यातला एकही कोड टर्बो बदला असं म्हणत नाही. ताप आलाय एवढं थर्मामीटर सांगतो, कशाने आलाय ते शोधावंच लागतं.

दाब कमी असेल तर आधी पाइप बघायचे. टर्बोपासून इंटरकूलर (ठासलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून इंजिनापर्यंत जाडजूड रबरी होज असतात. त्यांना खालच्या बाजूला चीर पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, घाटात दाब वाढला की ओठांसारखी उघडते आणि फुस्स आवाज येतो. म्हणून वरवर हात फिरवून "पाइप चांगलाय" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. होज काढून, वाकवून, आतून बघावा लागतो. नाहीतर पाइपात धूर किंवा हलका दाब सोडून साबणाच्या पाण्याने गळती शोधावी लागते. क्लॅम्पच्या आजूबाजूला तेलकट काळा पट्टा दिसला तर हवा तिथूनच निसटतेय असं समजा.

मग बोटभरही जाड नसलेले व्हॅक्यूमचे पाइप. तुमच्या गाडीत टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्चुएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर या पाइपांची टोकं उन्हाने-उष्णतेने कडक होऊन तडकतात. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेले उंदीर कुरतडतात ते वेगळंच. चांगला फिटर तडकलेलं टोक अर्धा इंच कापून पाइप पुन्हा चढवतो, खर्च जवळजवळ शून्य. दुसरी तपासणी अशी: एकाने गाडी सुरू करायची आणि दुसऱ्याने टर्बोवरच्या ॲक्चुएटरच्या दांडीकडे बघायचं. ती सुरळीत हलली पाहिजे. अडखळत, झटक्याने हलली तर व्हेरिएबल टर्बोच्या आतल्या हलत्या पात्यांवर काजळी बसली असण्याचा संभव आहे. पाती अशी अडकली की चढावर दाब प्रमाणाबाहेर जातो, पी ०२३४ येतो आणि गाडी लिंपमध्ये जाते. याला बऱ्याचदा टर्बो उतरवून नीट साफ करणं पुरतं. मेहनत आहे, मजुरी आहे, पण ६२ हजार नाहीत. तुमच्या मॉडेलमध्ये टर्बो व्हेरिएबल आहे की साधा, हे आधी विचारून घ्या. साधा असेल तर पात्यांचा प्रश्नच मिटला, मग वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, बघायचा.

दाब मोजणाऱ्या सेन्सरकडेही कुणी बघितलेलं दिसत नाही. त्याच्या तोंडावर ईजीआरची काजळी बसते आणि तो खोटं बोलायला लागतो. याची चाचणी फुकट आहे. इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनरवर आकडा वाचा. त्या क्षणी सेन्सरने भोवतालच्या हवेचा दाब दाखवायला हवा, पुण्याच्या उंचीवर साधारण ९५० मिलिबारच्या आसपास, साताऱ्यात त्याहून थोडा कमी. भलताच आकडा दिसला तर चोर सापडला.

पाइपातल्या तेलाचं म्हणाल तर त्याला घाबरू नका. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ टर्बोच्या आधी हवेच्या मार्गातच सोडलेली असते, त्यामुळे सव्वा लाख किलोमीटर झालेल्या कुठल्याही टर्बो डिझेलचा पाइप काढला तर आत तेलाचा हात लागणारच. बोटाला तेल लागणं वेगळं आणि पाइप तिरका केल्यावर चमचाभर तेल ओघळणं वेगळं. तुम्हाला यातलं काय दाखवलं, आठवून बघा. टर्बोची खरी परीक्षा थंड इंजिनावर, पाइप काढून, आतल्या पंख्याचा दांडा बोटांनी धरून होते. दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, त्यामुळे आडवा किंचित हलणार, ते ठीक. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो खरोखर संपलाय.

तुमच्या गॅरेजवाल्यांना मी लबाड म्हणणार नाही. गाडी त्यांच्या दारात कधी बंद पडत नाही, तिथे ती शहाण्यासारखी वागते. स्कॅनर लावला, कोड दिसला, पुसला, गाडी परत दिली, पुन्हा तक्रार आली, मग अंदाजाने एकेक पार्ट. बहुतेक गॅरेजचं काम असंच चालतं. पण कोड पुसताना एक नुकसान होतं. कोड आला त्या क्षणी वेग किती होता, फेरे किती, इंजिन किती गरम, दाब किती, हे सगळं ईसीयूने टिपून ठेवलेलं असतं आणि कोडबरोबर तेही जातं. म्हणून यापुढे नियम करा: आधी स्क्रीनचा फोटो, मग कोड पुसणं. ईजीआर साफ केली ते वाया गेलं असं नाही, या वयाच्या डिझेलला ते हवंच होतं. फक्त तुमच्या तक्रारीशी त्याचा मेळ कुणी घातला नव्हता.

म्हणून आता तुम्ही पैसे कशाचे द्यायचे, तर पार्टचे नाही, वेळेचे. मेकॅनिकला सांगा, स्कॅनर लावून माझ्याबरोबर खंबाटकी चढा. तुम्ही चालवा, तो आकडे बघेल आणि रेकॉर्ड करेल. "मागितलेला दाब" आणि "मिळालेला दाब" या दोन ओळी शेजारी ठेवल्या की पिकअप जातो त्या क्षणी कोणती ओळ कुठे घसरली ते दिसतं. सोबत डिझेलच्या रेलचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, दाबही बघायचा, तोही मागितलेला आणि मिळालेला. चढावर रेलचा दाब कोसळत असेल तर टर्बो बिचारा निर्दोष आहे, मग टाकीतली जाळी, पंप, इंजेक्टरची परतीची गळती अशी वेगळी वाट धरावी लागेल. अर्ध्या दिवसाची मजुरी मागितली तरी द्या. तुमचा मेकॅनिक यायला तयार नसेल किंवा त्याच्या स्कॅनरवर चालते आकडे दिसत नसतील तर डिझेल पंप आणि इंजेक्टरचंच काम करणारा माणूस गाठा. साताऱ्यात, पुण्यात असे लोक आहेत, ट्रकवाल्यांना विचारलं की पत्ता मिळतो. हल्ली ईसीयूतले आकडे वाचणारे, ब्लूटूथवर चालणारे छोटे ओबीडी ॲडाप्टरही मिळतात, स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावले की मोबाइलवर आकडे दिसतात. चालवताना तुम्ही मोबाइल बघायचा नाही, शेजारी कुणीतरी हवं, हे वेगळं सांगायला नको.

क्रँक सेन्सरचा तपास मात्र घाटाच्या फेरीआधी उरका. कपलर उघडून साफ करायचा, वायर शेवटपर्यंत बोटांखालून घालायची, सेन्सरला हीट गनने ऊब देऊन तो गरम झाल्यावर काय करतो ते मोजायचं. या वयाच्या गाडीत, ही लक्षणं असताना मी तर सेन्सर बदलूनच टाकीन. टर्बोच्या मानाने किंमत किरकोळ आहे आणि धोका मोठा आहे. मात्र ओरिजिनल किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचाच घ्या. बाजारातला स्वस्त सेन्सर पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खेळ करतो, आणि मग सगळे म्हणतात, सेन्सर तर नवाच आहे, म्हणजे टर्बोच असणार!

आता यजमानांचं मत. चालत्या गाडीत टॅकोमीटर शून्यावर पडणं हे कुणाच्याही ड्रायव्हिंगने होत नाही, हे त्यांना माझ्या नावाने कळवा. अर्ध्या गोष्टीत मात्र त्यांच्या म्हणण्याला थोडा आधार असू शकतो. तुम्ही लिहिलंय की डिझेल वाचवायला मी वरच्या गिअरमध्येच चालवते. चढावर चौथ्या गिअरमध्ये बाराशे-तेराशे फेऱ्यांवर गाडी रेटली तर इंजिन कण्हतं, काजळी जास्त होते आणि तीच ईजीआरमध्ये आणि टर्बोच्या पात्यांवर बसते. खंबाटकीला एक गिअर खाली घ्या, फेरे दोन हजारांच्या आसपास राहू द्या. डिझेल फारसं जास्त जात नाही. पण ही सवय सुधारणं म्हणजे आत्ताच्या बिघाडाची दुरुस्ती नव्हे, आणि कुणी फोनवरून तुम्हाला पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलला धाडत असेल तर जायचं कारण नाही.

त्या उतारावर तुम्ही जे केलंत त्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती इतरांनाही उपयोगी पडेल. इंजिन बंद पडलं की हात-पाय आपसूक क्लच दाबतात. उतारावर तो दाबायचा नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिन फिरवत राहतात, आणि डिझेल इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप इंजिनाबरोबर फिरत असल्याने ब्रेकला मदत मिळत राहते. शिवाय इंजिन स्वतःही गाडीला अडवतं. क्लच दाबला तेव्हाच तुमचा ब्रेक जड का झाला, ते आता लक्षात येईल. वेग अगदी कमी झाल्यावर, थांबायच्या बेतात क्लच दाबा. क्लच दाबलाच गेला असेल तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल एवढा व्हॅक्यूम शिल्लक असतो. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच जोरात दाबा आणि दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल पण वळेल. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. इंडिकेटर देऊन डावीकडे, हॅझर्ड लाइट चालू, हँडब्रेक, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं. नवले पुलाचा तो उतार ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठीच कुप्रसिद्ध आहे, बंद गाडीत बसून मेकॅनिकला फोन लावायची ती जागा नव्हे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ला फोन केला की मदत आणि टोइंग मिळतं, जिवाचा धोका असेल तर ११२.

याच कारणाने, सेन्सरचा निकाल लागेपर्यंत ही गाडी पुण्याला नेऊ नका. पिकअप जाणं एक वेळ सांभाळता येतं, अचानक बंद पडणं नाही. स्वारगेटची विनाथांबा एसटी आहे, महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि बसमध्ये पेपर तपासता येतात.

सगळं तपासून टर्बो खरंच गेलाय असं निघालं तर? बदला, पण "का गेला" हे विचारल्याशिवाय नवीन बसवू देऊ नका. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी कार्बनने चोंदली असेल तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. ती नळी आणि तिच्यातली जाळी बदलायची, ऑइल आणि फिल्टर नवे घालायचे, आणि इंटरकूलर उतरवून आत साठलेलं तेल पूर्ण काढायचं. हे शेवटचं काम अनेकजण टाळतात. इंटरकूलरमधलं तेल इंजिनाने ओढलं तर डिझेल इंजिन तेच जाळत सुसाट सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. नवा टर्बो, रिकंडिशन केलेला की फक्त आतला कार्ट्रिज (पंखे आणि दांडा), हे तीन पर्याय आणि प्रत्येकावरची वॉरंटी जॉब कार्डवर लिहून घ्या. जुना पार्ट परत मागा.

हीच तक्रार टर्बो पेट्रोल गाड्यांची येते, तिथे थोडा फरक आहे. पेट्रोलमध्ये होज निसटला तर मोजलेली हवा आणि मिळालेली हवा यांचा मेळ बसत नाही, आणि गाडी सिग्नलला खरोखर बंद पडू शकते. चढावर आचके देत मिसिंग मारत असेल तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघा, टर्बो नंतर. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला. रोज चार किलोमीटरच्या फेऱ्या मारून तो चोंदला तरी पिकअप जातो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की दुर्लक्ष न करता मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी हायवेवर सलग पळवायची, आणि गाडी स्वतःची सफाई करत असताना मध्येच बंद करायची नाही.

राहता राहिला गाडी विकायचा प्रश्न. दिरांचा हिशोब वरवर बरोबर वाटतो, पण त्यात गृहीत असं धरलंय की घेणाऱ्याला काही कळणार नाही. जुन्या गाड्या घेणारे व्यापारी हल्ली पहिल्यांदा स्कॅनरच लावतात. टर्बोचा कोड दिसला की ते टर्बोची पूर्ण किंमत वजा करतात, मग दुखणं पाच रुपयांच्या पाइपाचं का असेना. आणि ओळखीतल्या कुणाला न सांगता दिली तर त्या उतारावर पुढच्या वेळी त्याचं कुटुंब असेल. दुरुस्तीची बिलं हातात ठेवून, काय झालं होतं ते सांगून विकलेल्या गाडीला भाव बरा येतो. आधी सेन्सर, मग घाटातली फेरी, मग आकडे. तिथवरचा खर्च तुमच्या आधीच्या १४ हजारांपेक्षा बहुधा कमीच होईल. त्यानंतरही गाडी ठेवायची नसेल तर जरूर विका. पण गाडीची भीती बसली म्हणून विकताय की ती खरोखर नको झालीय, हे एकदा स्वतःला विचारा, दिरांना नको. तुमच्या पत्रात तरी ती नको झाल्याचं मला कुठे दिसलं नाही.